क्रेनवरच्या माणसाचे कान

९ जानेवारी

प्रिय टिल्लू,
अनेक आशीर्वाद.

इतके महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी मागते. कामाचं निमित्त सांगणार होते, पण ते खरं नाही. काम होतंच, पण मी लिहिलं नाही, कारण मी रुसले होते. गेल्या उन्हाळ्यात तुमच्या कारखान्याच्या गेटवर मी फोन केला, पहारेकऱ्यानं तुला बोलावून आणलं, आणि मी विचारलं, "आईच्या गुडघ्यांचं काय?" तू म्हणालास, "हो हो, पोचलं, पोचलं." काय पोचलं? मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, "बरं, ठेवतो." आणि ठेवलास. मी इकडे रिसीव्हर हातात धरून उभी.

मला वाटलं, आईला तू सांभाळतोस आणि मी सांभाळत नाही, याचा तुला राग आहे. तो राग खरा असेल तर योग्यच आहे, असंही वाटलं. पण मग तो तू बोलून का दाखवत नाहीस, याचा मला राग आला. असा हा माझा हिशेब. रोजनिशीत तुला उद्देशून बरीच वाक्यं लिहिली गेली. ती पोस्टात टाकायच्या लायकीची नव्हती.

तुला माहीतच आहे, माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. आई एकदा वर चढली तर तिला पुन्हा खाली आणायला माणसं लागतील. तुझं क्वार्टर तळमजल्यावर, दारात बाक, समोर मोकळी जागा. हे सगळं खरं असूनही मला ते सबबीसारखं वाटतं. तुलाही वाटतं का? स्पष्ट लिही.

माझं इकडे तेच. कान तपासणी केंद्रातल्या त्या कपाटाएवढ्या खोलीत दिवसभर कामगार येऊन बसतात, कानांना हेडफोन लावतात, आणि मी काचेच्या बाहेरून एकेक सूर सोडत त्यांना कुठवर ऐकू येतं ते मोजते. काल एक यंत्रमागवाला म्हणाला, "बाई, बायकोचा आवाज सोडून सगळं ऐकू येतं, असं लिहा." रोज कुणीतरी हा विनोद करतं आणि रोज मी हसते. कारण तो करणारा माणूस घाबरलेला असतो.

वहिनींना नमस्कार, छकुलीला पापा. आईला सांग, मी लिहिलंय.

तुझी
ताई

२५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हणजे तू रुसलीस आणि मला पत्ताच नाही! यापुढे रुसण्याआधी पत्रानं कळवत जा, म्हणजे मला वेळेवर घाबरता येईल.

अगं, राग कसला? गेटवरच्या फोनच्या बाजूलाच कॉम्प्रेसर आहे. त्या फोनवर साक्षात ब्रह्मदेव बोलला तरी मला चाकात हवा भरल्यासारखं ऐकू येईल. तू पत्रच लिहीत जा. तुझं अक्षर छान आहे, शिवाय पत्र दोनदा वाचता येतं. आई माझ्याकडे मजेत आहे. सकाळी बाकावर बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून गुडघे दाखवते. तू तिला ठेवून घेतलं नाहीस, हे तिच्या लक्षातही नाही. तूच तेवढी ते धरून बसली आहेस.

मी अजून वरच, क्रेनच्या केबिनमध्ये. तुझा टिल्लू सहा फुटी झाला आणि बसायला मिळालं हे कोंबडीचं खुराडं. खाली भट्टीशी आमचा पैलवान असतो. काडीसारखा आहे म्हणून पैलवान. तो लोखंडाच्या रसाच्या बादलीला साखळ्या अडकवतो, मी उचलतो, साच्यांवर नेतो. तो समोर असला की हातानं खुणा करतो, भट्टीच्या मागे गेला की शिट्टी वाजवतो. एक शिट्टी उचल, दोन उतरव, लांब शिट्टी म्हणजे असशील तिथे थांब.

आता तुझ्या खात्यातलं एक काम. पुढच्या महिन्यात आमची वार्षिक तपासणी आहे. छातीचा फोटो, रक्त, आणि कान. पैलवानाला त्या कानांच्या खोलीची भारी धास्ती. इथे नापास झालेल्याला "खाली उतरवला" म्हणतात, मग तो आधीपासून जमिनीवर का असेना. कागदावर त्याला हलकं काम देतात. हलकं काम म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये बसून गंजके नटबोल्ट निवडणं. थोड्याच दिवसांत माणूस कंटाळून स्वतःच राजीनामा लिहितो, मग साहेब म्हणतात, आम्ही कुठे काढला? आणि क्वार्टर मिळतात फक्त क्रेन आणि भट्टीच्या माणसांना.

तर त्या खोलीत नेमकं काय करतात, ते नीट लिहून पाठव ना. बिचाऱ्याला धीर येईल.

तुझा
टिल्लू

४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मनावरचं ओझं उतरलं. मी उगाच इतके महिने फुकट घालवले.

पैलवानाला सांग, घाबरायचं काही नाही. सुई नाही, दुखणं नाही. पण त्याला तयारीनं जाऊ दे. आदल्या दिवशी दुपारपासून त्यानं गोंगाटापासून लांब राहावं. भट्टीवरून तडक उठून गेला तर कान थकलेले असतात आणि आहेत त्याहून वाईट दिसतात. पुष्कळ कारखाने माणसाला पाळीतून उठवूनच तपासायला पाठवतात. ते चूक आहे. त्यानं सुट्टी मागून घ्यावी.

आत बसवल्यावर हातात एक बटण देतात. सूर ऐकू आला की दाबायचं, अगदी अंधुक वाटला तरी दाबायचं. आधी चांगला कान, मग दुसरा. तपासणारा मोठ्या सुरापासून निघतो, माणसानं बटण दाबलं की दहा पायऱ्या खाली येतो, नाही दाबलं की पाच वर चढतो, असं करत नेमकी कुठे हद्द आहे ते शोधतो. गोंगाटात काम करणाऱ्यांचे बारीक सूर आधी जातात. आलेख काढला की त्या जागी खड्डा दिसतो. हा खड्डा एकदा पाहिला की विसरता येत नाही.

एक सावधगिरीही सांगते, कारण सगळेच तपासनीस सारखे नसतात. चांगला तपासनीस ठरावीक लयीत सूर देत नाही. कधी लगेच देतो, कधी बराच वेळ काहीच देत नाही. आळशी असेल तर घड्याळाच्या लंबकासारखा देत राहतो आणि माणूस नकळत लयीवर बटण दाबतो. तपासनीसानं आपला हात दिसू देणं हीही चूक. माझ्यासमोर एकदा एक खलाशी बसला होता. त्याचं सगळं इतकं उत्तम येत होतं की मी चक्रावले. मग लक्षात आलं, तो माझ्या कोपराकडे बघत होता. मी खुर्ची फिरवली, आणि बिचाऱ्याचं बटण एकदम थांबलं.

हे लिहिताना मी क्षणभर थांबले. एवढं सगळं सांगावं का? पण मला वाटतं, आपल्या शरीरावर काय तपासलं जातंय हे कामगाराला ठाऊक असलं पाहिजे. यात लपवण्यासारखं काही नाही. पैलवानाची तपासणी नीट झाली तर त्याचं भलंच होईल. खड्डा लहान असतानाच सापडला तर पुढचं वाचवता येतं, आणि तो वाढत गेलेला दरवर्षीच्या आलेखात दिसला तर कामानंच कान गेले हे सिद्ध होतं. मग त्याला भरपाई मागता येते.

तुझेही कान होतील ना तेव्हा? तुझा आलेख पाहायला आवडेल मला.

तुझी
ताई

१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पास! पेढे वाटले असं समज.

तू म्हणालीस तसाच निघाला तो तपासणारा. जांभया काय देतो, पेन्सिलीनं पाठ काय खाजवतो! सूर द्यायचा, तीन श्वास थांबायचं, पुन्हा सूर. वर काचेत त्याची बाही दिसते. मी आपला बसलो शहाण्यासारखा. दोनदा दाबायचं, तिसऱ्यांदा सोडून द्यायचं. बाहेर आल्यावर म्हणतो, "कान विशीतल्या पोराचे आहेत तुमचे, क्रेनवर चढायच्या आधी विकत घेतलेत की काय?" पैलवान बाहेर उभा होता, तो इतका हसला की त्याला खोकला लागला. पैलवानही पास, हे सांगायचं राहिलं.

आई मजेत. छकुलीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती काय बोलते ते कुणालाच कळत नाही. मला तर मुळीच नाही.

वर्षभर आता चिंता नाही. तुझे उपकार कसे फेडू? पुढच्या पत्रात फर्माईश कळव.

तुझा
टिल्लू

१२ मार्च

प्रिय टिल्लू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, आणि तू म्हणतोस तसं दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा नाही.

छकुली सोडून दे. तिचे दात पडलेत. पण इतकी वर्षं फाउंड्रीत घालवलेल्या माणसाचे कान विशीतल्या पोराचे नसतात. कुणाचेच नसतात. थोडा तरी खड्डा हवा. "दोनदा दाबायचं, तिसऱ्यांदा सोडायचं" हे ऐकणाऱ्या माणसाचं बोलणं नाही.

मी चुकत असेन तर माझ्यावर हस. तू विचारलंस ते पैलवानासाठी होतं की तुझ्यासाठी? गेटवरच्या फोनवर तुला कॉम्प्रेसर ऐकू आला, की मीच ऐकू आले नाही?

एका ओळीत उत्तर दे. रागावणार नाही.

तुझी
ताई

२० मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा हे बघून तुम्ही घाबराल. सगळे जिवंत आहेत, हे आधी सांगते. तुमचं मार्चचं पत्र ह्यांनी वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मी गादी झटकताना वाचलं. माफ करा.

तुमच्या भावाला ऐकू येत नाही. आता-आताची गोष्ट नाही. दार वाजलं तर कळत नाही. छकुली पाठीमागून बोलली तर कळत नाही, समोर येऊन बोलली तर तोंडाकडे बघून बरंचसं ओळखतात. हे मोठ्यानं बोलतात आणि सासूबाईंना वाटतं, मुलगा तिरसट झाला. त्या माझ्याशी कुजबुजतात, "मी नको असेन तर सांग, मी थोरलीकडे जाते." मी काय सांगू? सासूबाईंना खरं सांगितलं तर त्या बाकावर बसून सगळ्या चाळीला सांगतील. भिंतीपलीकडे क्रेनचाच माणूस राहतो, आणि त्याला वरच्या केबिनची केव्हापासूनची आस आहे.

एका पैलवान भावोजींना ठाऊक होतं. ह्यांना शिट्टी ऐकू येत नाही म्हणून ते भट्टीच्या मागे जायचेच नाहीत. ह्यांना दिसावं म्हणून बादलीच्या पुढ्यात, मोकळ्यावर उभे राहायचे. तिथे उभं राहायचं नसतं. त्यांची बायको मला म्हणायची, "तुमचा नवरा माझ्या नवऱ्याचे डोळे आहे की माझा नवरा तुमच्या नवऱ्याचे कान?" आम्ही दोघी हसायचो. काय म्हणून हसायचो कोण जाणे.

मागच्या आठवड्यात रिकामी बादली झुलली. सगळे ओरडले म्हणे, कुणीतरी लांब शिट्टीही दिली. ह्यांनी थांबवलं, पण दिसल्यावर. तोवर बादली पैलवान भावोजींच्या खांद्यावर बसली होती. भरलेली असती तर हे पत्र मला लिहिता आलं नसतं. खांदा आणि बरगड्या मोडल्यात. दवाखान्यात साहेबांना ते म्हणाले, "चूक माझी, मीच नको तिथे उभा होतो." हे तेव्हापासून नुसते जेवतात, वर जातात, खाली येतात.

नव्या व्यवस्थापकांनी म्हणे मागचे सगळ्यांचे आलेख मागवले. ते सगळे एकसारखे निघाले. आता पुन्हा तपासणी आहे, बाहेरच्या केंद्राकडून.

वन्सं, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत तेव्हा जमलं. या वेळीही काहीतरी सांगा. मला दुसरं कुणी नाही.

तुमची
वहिनी

२८ मे

प्रिय टिल्लू,

वहिनींचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

मी आशीर्वाद लिहायचं विसरले, ते आत्ता दिसलं. तसंच राहू दे. मला तुझा इतका राग आलाय आणि तो तुझ्यापाशी थांबतच नाही, फिरून माझ्याकडेच येतो. मी काय केलं? एका माणसाला धीर द्यावा म्हणून लिहिलं. पण तेव्हा मला खरंच काही जाणवलं नव्हतं का? शिट्टी वाजवणाऱ्यापेक्षा शिट्टी ऐकणाऱ्यालाच कानांची काळजी जास्त, एवढं साधं मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही, की आपलं लेखन छान उतरतंय या आनंदात मी पाहिलं नाही?

ते माझं मी बघेन. तू एक कर. तपासणीची वाट पाहू नकोस. स्वतः जाऊन सांग, मला नीट ऐकू येत नाही, खाली काम द्या. अजून तुझ्या हातून कुणी मेलेलं नाही.

ताई

६ जून

ती. ताईस,
नमस्कार.

तू लिहिलंस ते सगळं मी रोज वर चढताना स्वतःला सांगतो. शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत मला ते पटलेलं असतं.

आता तू माझ्या जागी बसून बघ. मी सांगितलं, ऐकू येत नाही. साहेब विचारतील, केव्हापासून? आत्तापासून म्हटलं तर हसतील. आधीपासून म्हटलं, तर फेब्रुवारीत विशीतल्या पोराचे कान कुठून आणलेस? म्हणजे मी फसवलं. म्हणजे पैलवान खोटं बोलला. आज त्याच्यावर कंपनीच्या खर्चानं उपचार चाललेत, कारण त्यानं चूक कबूल केली आणि तोंड बंद ठेवलं. उद्या तेही थांबेल. मी त्याला भेटायला गेलो तर त्यानं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, "गप". मी म्हटलं, "लिहितोस कशाला, मला ओठ कळतात." तर म्हणतो, "बाजूच्या खाटेवरच्यालाही कळतात."

क्वार्टर जाईल. आईला कुठे नेऊ? तुझ्या तिसऱ्या मजल्यावर? टोमणा नाही हा, खरंच विचारतोय. आणि भरपाईचं तू लिहिलं होतंस ना, खड्डा वर्षानुवर्षं वाढलेला दिसला पाहिजे. माझा आलेख तर फळीसारखा सपाट. तो मीच सपाट केला. तुझं पत्र पाठ करून.

वर बसल्यावर कसं असतं सांगू? काहीच नसतं. खाली भट्टी पेटलेली, माणसं तोंडं हलवतायत, आणि माझ्या कानात एक किडा किरकिरतो, तो थांबतच नाही. मी सगळ्यांचे हात बघत राहतो. डोळे मिटायची भीती वाटते.

पण आता एक चांगली बातमी. बाहेरचं केंद्र म्हणजे तुमचंच. नोटीस लागली, त्यावर नाव वाचलं आणि केबिनमध्ये एकटाच हसलो. तपासणीच्या गाडीबरोबर तूच येशील ना? मग काय काळजी! तू काचेपलीकडे बसशील आणि मी अलीकडे. लहानपणी तू मला पाढे म्हणताना ओठांनी पुढचा आकडा सांगायचीस, तसंच.

एवढं एकदा कर. पुढच्या वर्षापर्यंत मी दुसरं काहीतरी बघतो. शपथ.

टिल्लू

१९ जून

टिल्लू,

मी तुझ्या समोरच बसले आहे आणि तुला पत्र लिहिते आहे. तू बशीतला चहा पितोयस आणि मी काय लिहिते ते उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न करतोयस. करू नकोस. आत आई आहे, भिंतीपलीकडे तो केबिनची आस असलेला आहे. तुझ्याशी जे बोलायचंय ते तुला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले तर सगळ्या चाळीला कळेल. म्हणून कागद.

इकडे यायला निघण्याआधी मी आमच्या केंद्राच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, त्या क्रेनवाल्यांत माझा सख्खा भाऊ आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या म्हणाल्या, "दुसरं कोण आहे गाडीवर? ड्रायव्हरला बसवू कान तपासायला? नातं कागदावर लिहा आणि तपासा." मला वाटलं होतं त्या मला सोडवतील. त्यांच्या दारात मी दोन मिनिटं उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी तुला वाचवायला गेलेच नव्हते. तुला खाली उतरवणारा हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा, एवढंच मला हवं होतं.

मग मी आडून विचारलं, एका वर्षी उत्तम आणि पुढच्या वेळी एकदम गेलेले कान दिसले तर? त्या म्हणाल्या, "हळूहळू उतरलेलं दिसलं तर गोंगाटानं. एकदम कडा दिसला तर आपण दुसरा आजार शोधतो. तो नसेल तर माणूस ढोंग करतोय." म्हणजे उद्या मी खरं मोजलं तर तुला ढोंगी म्हणतील, अपघातानंतर भरपाईसाठी बहिरा झाला म्हणतील. खोटं मोजलं तर परवा तू पुन्हा वर असशील.

मी सगळ्या बाजूंनी दरवाजा शोधला. एकच फट सापडली, आणि तिच्यातून आपल्या दोघांनाही जाता येईल असं नाही. तुझ्या आलेखाखाली मला लिहावं लागेल की फेब्रुवारीचा आलेख धरू नये, आणि तो कसा काढला गेला हे मला कसं माहीत, तेही. मग मला कुणी त्या खुर्चीत बसू देणार नाही. तेवढ्यानंही तुझी नोकरी वाचेल असं मी म्हणत नाही. तुझे कान कामानं गेले एवढं मात्र खोटं पडणार नाही. क्वार्टर गेलं तर आईला कुठे न्यायचं, हे मला अजून सुचलेलं नाही. रोजनिशीत मी त्यापुढे जागा सोडली आहे.

मी ओठांनी आकडा सांगणार नाही, टिल्लू. आता वाच.

---

ताई, तुझाच पेन घेतलाय.

मला वाटलं होतंच. तू आल्यापासून माझ्या तोंडाकडे बघतेस, डोळ्यांकडे नाही. आता सगळेच माझ्याशी असे वागतील.

एक विचारू? एका कानाला तरी पास कर ना. डावा थोडा बरा आहे. एका कानावर काही लोक क्रेन चालवतात, मी ऐकलंय. म्हणजे वाचलंय.

---

नाही रे. तुझ्या डाव्या कानाचं काय उरलंय ते तुलाही माहीत नाही आणि मलाही.

---

बरं.

मग तुला सांगतो, कुणालाच सांगितलं नव्हतं. पैलवानाच्या जागी परवापासून दुसऱ्या शेडमधला माणूस येणार आहे. चांगला, जुना, नियमानं काम करणारा. आज त्यानं मला हात जोडून सांगितलं, "दादा, मी नको तिथे उभा राहत नाही हं. मी भट्टीमागे जातो आणि शिट्टी देतो. माझी शिट्टी कडक आहे, काळजी नको." आणि त्यानं मला वाजवून दाखवली. गाल फुगले त्याचे. आजूबाजूच्यांनी कान झाकले. मी मान डोलावली आणि म्हटलं, "एकदम कडक."

मला काही ऐकू आलं नाही, ताई.

तेव्हापासून मला त्याचे ते फुगलेले गालच दिसतायत. पैलवानाला निदान माहीत होतं. त्यानं आपणहून तो धोका पत्करला होता. ह्या माणसानं काय केलंय? तो मला दादा म्हणतो.

बायकोला आज सांगतो. आईला नंतर. तू लिही तुला काय लिहायचं ते. फक्त मला मधल्या वेळेत बोलावू नकोस, सगळ्यांच्या रांगेतून. शेजारचा बघत बसेल, किती वेळ लागतो ते.

---

बरं. कारखान्यातले हवेवर चालणारे हातोडे सुरू झाले की तपासणीच्या गाडीच्या जाड भिंतीतूनही थरथर आत येते, आणि कानात जे थोडं उरलेलं असतं ते तिच्यात बुडतं. ते तुझं आहे. ते नीट मोजलं गेलं पाहिजे, जेवढं असेल तेवढं.

रात्रपाळी नाकारलीस ना? आज दार लावून शांत पड. आईनं हाक मारली तर मी बघेन.

उद्या: हातोडे सुरू व्हायच्या आधी, पहिला नंबर टिल्लूचा.